बरकतीचा हात

डॉक्टरांनी माझ्या बायकोला उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर आपटायला सांगितलं. जेवढं उघडता येईल तेवढं उघडायचं, आणि भराभर. डाव्या हातानं तिनं ते सहज केलं होतं. उजव्या हाताची बोटं पहिल्यांदा नीट उघडली, मग कमी, मग त्याहून कमी, आणि शेवटी नुसतीच एकमेकांना टेकून थरथरत राहिली. ती माझ्याकडं बघून ओशाळं हसली. मग हात पदराखाली घेतला.

संभाजीनगरच्या त्या दवाखान्यात आम्ही सकाळपासून बसलो होतो. डॉक्टर वयानं माझ्याहून लहान, बोलायला मऊ, घाई न करणारे. त्यांनी तिला चालायला लावलं, वळायला लावलं, कागदावर एक ओळ लिहायला लावली. ओळीच्या सुरुवातीची अक्षरं हरभऱ्याएवढी आणि शेवटची मोहरीएवढी झाली. घरात कुणाला असा त्रास होता का, डोक्याला कधी मार लागला का, पिण्याचं पाणी विहिरीचं का, असं एकेक विचारत ते लिहीत गेले. मग विचारलं, शेतात फवारणी करता का?

"फवारा बाप्यांचं काम हाय," ती म्हणाली. "मी न्हाई मारला कधी."

ते लिहिणार, एवढ्यात तिनंच पुढं सांगितलं, "बियाला तेवढं औषध चोळते."

"चोळता म्हणजे?"

"हातानं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. किती वर्षं, असं त्यांनी विचारलं. लग्न होऊन आल्यापासून, ती म्हणाली, आणि हे तिनं मान वर करून सांगितलं. आमच्या गावात ही सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट नाही. मान मिळतो अशी गोष्ट आहे.

ती काय आहे ते आधी सांगतो.

आमचं गाव बीडकडं, लिंबागणेशच्या पुढं. जमीन काळी, पण पाणी बेताचं, म्हणून खरी भिस्त रब्बीच्या ज्वारीवर. गौरी उठल्या की पेरणीची घाई सुरू होते. पेरणीच्या सकाळी बियाणं परातीत ओततात, हळद-कुंकू वाहतात, गुळाचं पाणी शिंपडतात आणि एक सवाशीण ते बी दोन्ही हातांनी चोळते. ज्या बाईच्या हाताला बरकत आहे असं गावानं मानलं, तिला घरोघर बोलावणं असतं. काठीनं, चमच्यानं बी हलवायचं नाही. हातच लागला पाहिजे. आणि रानात तिफणीचं पहिलं तास, म्हणजे पेरणीची पहिली ओळ, पुरी होईपर्यंत त्या बाईनं हात धुवायचा नाही, कारण पाण्याबरोबर बरकत उतरते. मग तिची ओटी भरतात, खण-नारळ देतात.

माझ्या आईच्या काळात परातीत गोमूत्र असायचं, राख असायची, कधी चिमूटभर हिंग. तो हात चार तास न धुतला तरी काही बिघडत नव्हतं. मग पाकिटं आली. कधी लाल पावडर, कधी गुलाबी, कधी बाटलीतलं पातळ. दुकानात जे असेल ते. राख गेली आणि तिच्या जागी पावडर आली. बाकी सगळं होतं तसंच राहिलं. हळद-कुंकू राहिलं, गुळाचं पाणी राहिलं, आणि हात न धुणंही राहिलं. ही अदलाबदल कुणी ठरवून केली नाही. पण ज्यांनी पाकिटं विकली त्यांनी गावात येऊन एकदा तरी विचारायला हवं होतं, की तुम्ही हे मिसळता कसं.

माझी बायको तलवाड्याकडची. पहिल्या वर्षी सासूनं तिला हौसेनं परातीपुढं बसवलं आणि त्या साली आमची ज्वारी पुरुषभर उंच आली. पाऊस चांगला झाला होता, सगळ्यांचीच आली होती. पण नवी सून आमच्या घरात आली होती. दुसऱ्या वर्षी शेजारची परात आली, तिसऱ्या वर्षी पूर्ण गल्लीच्या पराती. पेरणीच्या दिवसांत तिचे हात मनगटापर्यंत लाल असायचे. नवरीच्या मेंदीकडं बघावं तसं बायका त्या हातांकडं बघायच्या. भाकरीची वेळ झाली की आई तिला घास भरवायची, कारण हात धुवायचा नाही. घाम आला की ती मनगटानं कपाळ पुसायची. लाल रंग भुवईला लागायचा आणि सगळ्या हसायच्या.

डॉक्टरांना मी हे एवढं सगळं सांगितलं नाही. हात न धुण्याचं तेवढं सांगितलं. त्यांनी पेन पुन्हा उचलून तेही लिहून घेतलं.

मग त्यांनी, हा कंपवात आहे, असं सांगून समजावलं. मी दूध संकलन केंद्रावर फॅट मोजतो. न समजलेली गोष्ट समजली म्हणून मान हलवायची मला सवय नाही, म्हणून पुन्हा पुन्हा विचारत गेलो. प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणारे बारीक बारीक भाग असतात. काही विषं किड्याच्या नेमक्या त्याच भागावर घाव घालतात. ऊर्जा तयार होईनाशी होते आणि किडा मरतो. माणसाच्या पेशीतही तोच भाग असतो, जवळजवळ तसाच. माणूस मोठा, मात्रा थोडी, म्हणून तो मरत नाही. पण मेंदूत हालचाल सांभाळणाऱ्या थोड्याशा पेशी असतात, त्या जन्मभर एक क्षण न थांबता काम करतात आणि त्यांना ऊर्जा इतर पेशींपेक्षा जास्त लागते. त्यांचा पुरवठा वर्षानुवर्षं थोडा थोडा कमी पडत गेला तर त्या थकतात, खराब होतात, एकेक करून मरतात. मेलेली पेशी परत येत नाही. हात थरथरायला लागतो तोवर बऱ्याचशा गेलेल्या असतात.

मला लगेच आमच्या विहिरीवरची मोटार आठवली. लाईट पूर्ण गेली तर मोटारीला काही होत नाही, ती गुपचूप बंद पडते. व्होल्टेज कमी आलं की खरा घात होतो. मोटार फिरत राहते, गुंगुं आवाज करते, पाणीही थोडं थोडं फेकते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, चालू आहे. आत वायंडिंग तापत असतं. एक दिवस जळाल्याचा वास येतो तेव्हा कळतं. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, बरोबर आहे, साधारण तसंच.

"मग हिला त्या औषधानंच झालं?" मी विचारलं.

"असं म्हणता येणार नाही," ते म्हणाले. शेती करणाऱ्यांत हा आजार जास्त दिसतो. काही विषांनी प्राण्यांत असं घडताना प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण वय असतं, शरीराची घडण असते, आणखी कितीतरी कारणं असतात. कोणत्या साली कोणतं औषध होतं तेही आपल्याला ठाऊक नाही. हातभार लागला असण्याची शक्यता आहे. एवढंच मी प्रामाणिकपणे सांगू शकतो.

मला त्या माणसाचा राग आला नाही. माहीत आहे तेवढंच सांगणाऱ्या माणसाचा मला कधी राग येत नाही. राग आला तो बसमध्ये, गेवराई सोडल्यावर. शक्यता आहे. ठीक. मग ही शक्यता पाकीट विकणाऱ्याला आधी लागू व्हायला नको का? आमच्याकडं मागायचा तो पक्का पुरावा, आणि तोही हात थरथरायला लागल्यावर. त्यांच्याकडून मात्र, यानं काही होत नाही, याचा पुरावा घरोघर येऊन कुणी मागितला नाही. दुधात थेंबभर पाणी सापडलं तर मी कॅन परत पाठवतो. समोरच्याला सांगतो, आधी शुद्ध असल्याचं दाखव. विषाला हा नियम नाही.

बायको खिडकीला डोकं टेकून झोपली होती. हात मांडीवर होता, आणि झोपेत तो थरथरत नव्हता. झोपेत थरथर थांबते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी मी बीड येईपर्यंत त्या हाताकडंच बघत होतो.

आता मागचं जुळवत बसतो तर कितीतरी गोष्टी आधीपासून होत्या. तिला वास येईनासा झाला होता. वरण करपून घरभर धूर व्हायचा आणि ती चुलीपुढं बसलेली. आम्ही हसायचो. हाताचा कंप त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. वास जाणं ही या आजाराची पहिली खूण असू शकते, हे गावातल्या कुणाला माहीत असणार? आणि ज्या औषधाच्या उग्र वासानं माणूस निदान तोंड तरी बाजूला करतो, तो वासही तिला येत नव्हता. ती परातीवर वाकून चोळायची. बाकीच्या नाकाला पदर लावायच्या आणि म्हणायच्या, हिला बगा, हिला काईच होत न्हाई.

गोळ्या सुरू झाल्या. गोळी लागू झाली की दोन-तीन तास ती बरी असते, भाकरी थापते. उतरली की पाऊल उचलत नाही, घसटतं.

दुसऱ्या आठवड्यात मी पाटोद्याला गेलो होतो, तेव्हा शेतीच्या औषधांच्या दुकानात शिरलो. दुकानदार ओळखीचा, चांगला बोलणारा माणूस. त्याला मी सरळ विचारलं, हे हाताला लागलं तर काय होतं. त्यानं पाकीट उलटं करून मला खालचा रंगीत त्रिकोण दाखवला. बघा, हा लाल नाही, पिवळासुद्धा नाही. काही होत नाही.

मी त्याला विचारलं, हा त्रिकोण नेमकं काय मोजतो. त्याला माहीत नव्हतं. मी वाचून गेलो होतो. एकदाच किती पोटात गेलं किंवा अंगाला लागलं तर जीव जातो, यावरून तो रंग ठरतो. एका झटक्यात मरणाऱ्यासाठी चार रंग आहेत. पंचवीस वर्षं हाताला लागून जो हळूहळू विझतो, त्याच्यासाठी एकही नाही. पाकिटावर किलोभर बियाण्याला किती ग्रॅम ते छापलेलं असतं, अगदी चोख. एका बाईच्या दोन हातांना किती, ते कुठंच छापलेलं नसतं.

"हातमोजे घाला असं लिहिलंय की," दुकानदार म्हणाला.

लिहिलेलं होतं. मला चष्मा कपाळावर सारून पाकीट डोळ्याला लावावं लागलं, तेव्हा दिसलं. हातमोजे आहेत का दुकानात, असं विचारलं, तर नव्हते. कुणी मागतच नाही, तो म्हणाला. मला आठवलं, मागच्या साली आमच्या गावात बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक झालं होतं तेव्हा कृषी खात्याच्या साहेबांनी हातमोजे आणले होते. दोन बायकांना ते घालायला लावले, फोटो काढला, आणि मोजे काढून पुढच्या गावाला नेले. त्या बायकांनी राहिलेलं बी हातानंच चोळलं. त्यातली एक माझी बायको. मी तिथं उभा होतो.

दुकानदाराला मी आवाज चढवून बोललो. त्या बिचाऱ्यानं पाकीट परत फळीवर ठेवलं. गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. त्याच्यावर ओरडून काही होणार नाही हे मला कळत होतं, पण ज्याच्यावर ओरडायला हवं तो माणूस पाटोद्याच्या बाजारात कुठं भेटतो?

गावात बातमी पसरली, पण ती आजाराची नव्हती. हिच्या हाताची बरकत गेली, अशी होती. कुणी म्हणालं, विटाळ झाला असंल. कुणी म्हणालं, कुणीतरी करणी केली. औषधाचं नाव कुणीच घेतलं नाही. आणि बरकत गेली म्हणजे ती कुठंतरी जाणार. गावाचा समज असा की ती सुनेच्या हातात उतरते. आमच्या घरात दीड वर्षापूर्वी सून आलेली. मुलगी चांगली, कामाला चपळ, सासूच्या मागंमागं राहणारी.

पेरणी आठवड्यावर आली तेव्हा भावकीतल्या थोरल्या वहिनी ओसरीवर येऊन बसल्या. वहिनींचा गल्लीत दरारा आहे आणि जीभ तिखट. त्यांनी बायकोची विचारपूस केली, गोळ्यांची केली, मग मुद्द्यावर आल्या. औंदा आमच्या परातीला सूनबाईंना पाठव. बायकोचा चेहरा उजळला. दवाखान्यातून आल्यापासून तो चेहरा मी पाहिला नव्हता.

मी म्हणालो, माझी सून कुणाच्या परातीत हात घालणार नाही.

"कावून वो भावजी?" वहिनी म्हणाल्या. "दूध मोजता मोजता आता हातबी मोजाया लागले का?"

सून दाराआड हसली. मी तिथल्या तिथं सगळं सांगितलं, पेशी, ऊर्जा, मोटार. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, माझ्या सासूनं जलमभर चोळलं, ती ऐंशी वर्षं काठीबिगर चालली. खरं होतं ते. त्यांची सासू मी पाहिली होती. सगळ्यांना होत नाही, हे मी म्हणालो, पण ते बोलताना मलाच दुबळं वाटलं.

वहिनी गेल्या. जेवणं झाली. सून भांडी घासायला गेली तेव्हा बायको म्हणाली, "ह्या घरात आल्यापासून मला कुणी एका गोष्टीला पयलं इचारलं आसंल तर त्या परातीला. तुमी चार लोकांत सांगता का ते ईष होतं?"

तिचा आवाज आता बारीक झालाय, हेही त्या आजारातच येतं, त्यामुळं ऐकायला मला पुढं वाकावं लागलं. आणि वाकून ऐकलेलं बोलणं जास्त लागतं. एवढा वेळ माझा राग पाकिटावर होता. तो पाकिटापर्यंत जायचा रस्ता हिच्या सगळ्या आयुष्याच्या मानावरून जातोय, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण म्हणून सुनेचा हात मी त्या परातीत जाऊ देणार होतो का? नाही. ती वीस-बावीस वर्षांची पोर. तिला आज काही होणार नाही, उद्याही नाही. ती माझ्या बायकोच्या वयाची होईल तेव्हा होईल, किंवा होणार नाही. मी तेव्हा नसेन. म्हणूनच हे आताच ठरायला पाहिजे होतं, आणि मी हुकूम सोडून ते ठरणार नव्हतं. मी केंद्रावर गेलो की परात सुनेच्या पुढं आलीच असती.

मुलाशी बोलून बघितलं. तो म्हणाला, तुमचं तुमी बायकांत मिटवा. सुनेला विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "मामा, आत्या म्हणतील तसं." म्हणजे सगळं पुन्हा बायकोवर आलं.

पेरणीच्या सकाळी मी केंद्रावर उशिरा येतो म्हणून कळवलं. बीडहून रबरी हातमोजे आणून ठेवले होते, आणि झाकणाचा एक प्लास्टिकचा ड्रम. त्यात बी आणि औषध घालून झाकण लावायचं आणि अंगणात लोळवायचं. हात लागायचं कामच नाही. मी ते अंगणात मांडून बसलो. वहिनी परात घेऊन आल्या, मागं गल्लीतल्या बायका. ड्रम बघून त्यांचं हसू थांबेना. एकजण म्हणाली, आता ड्रमाची वटी भरायची का? दुसरी म्हणाली, खण कुठं खोचायचा त्याला? मलाही दुसऱ्या कुठल्या दिवशी हसू आलं असतं.

सून नवं लुगडं नेसून आली आणि सासूकडं बघत परातीजवळ बसली. बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती. सकाळची गोळी अजून लागू झाली नव्हती. हात हलत होता आणि तो झाकायला पदर पुरत नव्हता.

मी म्हणालो, हात घालू नकोस.

"अवो भावजी," वहिनी म्हणाल्या, "एक डाव नक्की सांगा तरी. औषधानंच झालं का हिला? डागदर काय म्हणला? त्यो म्हणला आसंल तर माझी परात मी उचलते."

बायको म्हणाली, "हां. सांगा. हो का न्हाई?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मला माहीत होतं, हो म्हणालो की काम होतं. एका शब्दात. बायका डॉक्टरला मानतात, परात उचलली गेली असती. माझ्या अंगाला रागानं घाम फुटला होता. ज्यांनी आयुष्यभर खोटं छापून विकलं त्यांच्या मानानं एक शब्द वाढवून सांगायला काय हरकत होती? पण डॉक्टरांनी जे म्हटलंच नाही ते त्यांच्या तोंडी घालून मला सांगता येईना.

"डॉक्टर नक्की सांगत नाहीत," मी म्हणालो. "त्यानं झालं असू शकतं, असं म्हणतात. त्यानं झालं नाही, असंही ते म्हणत नाहीत. आणि कुणीच म्हणू शकत नाही."

"बगा," वहिनी म्हणाल्या, आणि सुनेला खूण केली. सुनेनं बांगड्या मागं सारल्या.

"ऊठ ग," बायको म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की सुनेला ऐकू गेलं नाही. मी ऐकलं. बायको चौकट सोडून दोन पावलं पुढं आली, घसटत, आणि सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात खांद्यावरही हलत होता.

"ऊठ म्हणते ना. परात त्यांची त्यांना दे."

वहिनींनी विचारलं, आता काय झालं ग तुला?

"ह्या माणसाला मी लई वर्सं वळखते," बायको म्हणाली. "आत्ता रागानं फुटायची येळ आली व्हती, तरी हो म्हणला न्हाई. जेवढं म्हाईत हाय तेवढंच सांगितलं. मग तेवढं तर खरं हाय ना. तेवढं मला बास हाय."

सून उठली. वहिनींनी परात उचलून कमरेवर घेतली आणि बायका त्यांच्यामागं गेल्या. अंगणात आम्ही तिघं आणि तो ड्रम राहिलो. आमचं बी मी आणि सुनेनं ड्रमात घालून लोळवलं. ज्वारीचा तो आवाज पत्र्यावर गारा पडल्यासारखा होता. बायको उंबऱ्यावर बसून बघत होती. तिचे डोळे भरले होते आणि आम्ही दोघांनीही तिकडं बघायचं टाळलं.

ही गोष्ट इथं संपली असती तर मला समाधान वाटलं असतं. पण दुपारी केंद्रावर जाताना वहिनींच्या दारावरून गेलो. अंगणात तीच परात होती आणि तिच्यापुढं वहिनींची स्वतःची सून बसली होती, माझ्या सुनेच्याच वयाची. कोपरापर्यंत लाल. हसत हसत दुसरीला काहीतरी सांगत होती. मी हातमोजे आणायला घरी वळलो आणि घेऊन आलो. वहिनी म्हणाल्या, तुमची तुमच्या घरात ठेवली ना? ही आमची हाय. त्यांनी ते रागानं म्हटलं नाही, समजुतीनं म्हटलं. मी हातमोजे ओट्यावर ठेवून निघून गेलो. संध्याकाळी ते तिथंच पडलेले होते. एक कोंबडी त्यावर बसली होती.

मी आमची एक सून वाचवली, किंवा वाचवली असावी, आणि ते औषध एक भिंत ओलांडून दुसऱ्या सुनेच्या हातावर गेलं. बी तेवढंच, पावडर तेवढीच. बेरीज बदलली नाही, फक्त घर बदललं.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. आवाज चढलेला होता. अडाणी आहेत, असं काहीतरी मी म्हणालो.

"त्या कशाच्या अडाणी?" ती म्हणाली. "मला कुटं म्हाईत व्हतं? मला कुणी सांगितलं व्हतं का?"

थोडा वेळ ती आपल्या हाताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "उद्या मी जाते वयनींकडं. तुमी येऊ नका. तुमचं ते आसू शकतं, न्हाई आसू शकतं, कुणाला कळायचं न्हाई. मी गोळी घ्यायच्या आदी जाते."

गोळीच्या आधी का, हे समजायला मला क्षणभर वेळ लागला. गोळी लागू झाली की हात थांबतो. तिला तो थांबायला नको होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. सुनेनं एका बाजूनं धरलं होतं. पदर खांद्यावर नीट घेतलेला आणि उजवा हात उघडा, हलत असलेला. वहिनींकडं गेली, तिथून पुढच्या दारी. काही ठिकाणी तिला बसायला पाट मिळाला, चहा मिळाला. एका घरी दार लोटून घेतलं. मी अंगणातून बघत होतो आणि मला इतका राग आला होता की दुधाची वेळ टळून गेली तरी मी हललो नाही. जे पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापायचं होतं, जे सांगायला पगारी माणसं होती, ते सांगायला माझी बायको सकाळची गोळी न घेता, पाय ओढत, दारोदार फिरत होती.